तिसरी शिट्टी

घरी आले, पर्स खुर्चीवर टाकली, हात धुतले आणि कुकरचं झाकण फिरवलं, तर आत खिचडी जशीच्या तशी. वरचा थर सुकून कडक झालेला, खाली अजून गरम. सकाळी मी जेवढे तांदूळ आणि मुगाची डाळ घातली होती तेवढी सगळी तिथंच होती, चमचाही लागलेला नव्हता. संध्याकाळचे पावणेसात वाजले होते. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्याशेजारच्या स्टुलावर मांडीत ताट घेऊन बसल्या होत्या. ताट कोरडं. पायाशी पाण्याचा तांब्या. मी म्हटलं, "आई, जेवला नाहीत?" त्या माझ्या आवाजाकडे वळल्या आणि अगदी साध्या सुरात म्हणाल्या, "आजून शिटी कुठं झालीय."

मला आधी हसू आलं. मी तिथंच फरशीवर बसले. या विजेवरच्या कुकरला शिट्टी नसते. तो आतल्या आत दाब धरतो, शिजवतो, आणि झालं की दोनदा पीप करून गप्प बसतो. हे मी त्यांना आठवडाभर सांगत होते. सुट्टीत दोन वेळा समोर बसवून दाखवलंही होतं, आणि त्यांनी मान हलवली होती. आज मी पहिल्यांदाच त्यांना त्याच्या भरवशावर टाकून ऑफिसला गेले, आणि एक्क्याऐंशी वर्षांची बाई साडेबारापासून पावणेसातपर्यंत भरल्या कुकरशेजारी उपाशी बसली. त्यांचा हात धरला तर गार लागला. मी गूळ-पाणी दिलं, खिचडीत गरम पाणी घालून ती मोकळी केली, तूप सोडलं आणि भरवली. त्या मुकाट्यानं जेवल्या. जेवताना एकदाच म्हणाल्या, "कच्ची नाय राहिली ना गं?"

हा कुकर घरात येण्याचं कारण डिसेंबरातलं. आईंच्या डोळ्यांचा पडदा मधोमध झिजलाय. समोरचं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं, म्हणून त्या माणसाकडे तोंड बाजूला फिरवून बघतात आणि नवख्याला वाटतं, बाई रुसल्यात. त्या दुपारी त्यांनी चहासाठी गॅसचं बटण फिरवलं आणि लायटर हाताला लागेना. तो शोधता शोधता चहाच विसरल्या आणि खोलीत जाऊन आडव्या झाल्या. समोरच्या दारातली चैताली घरी बसून कंपनीचं काम करते, तिला वास आला. आमची एक किल्ली तिच्याकडे असते. तिनं खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद केला आणि मला फोन केला. मी नोकरी करते त्या कॉलेजपासून गंगापूर रोडवरच्या आमच्या कॉलनीपर्यंत रिक्षानं वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत मला काय काय दिसलं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. घरात शिरले तर आई खाटेवर बसून पदरानं वारा घेत होत्या आणि चैतालीला विचारत होत्या, "तुझा कितवा महिना चाललाय?"

तेव्हापासून आम्ही निघताना सिलिंडरच बंद करतो. मग दुपारच्या जेवणाचं काय? गार अन्न आईंच्या घशाखाली उतरत नाही, आणि सकाळी मधुमेहाची गोळी घेतली की एकच्या आत पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलंय. दुपारी येणाऱ्या बाया ठेवून बघितल्या. एक चार दिवसांत गेली, दुसरीला आईंनी घालवली. शेवटी राकेशनं, माझ्या मुलानं, हैदराबादहून हा कुकर पाठवला. तीन लिटरचा, पांढरा, पोटाळलेला. सकाळी साडेआठला तांदूळ, डाळ, पाणी, हळद, मीठ घालायचं, वेळ लावायची आणि निघायचं. साडेबाराला शिजून तयार, संध्याकाळपर्यंत ऊन ऊन. "मम्मी, आता तुझी सुटका," राकेश फोनवर म्हणाला होता. आईंनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव मुका ठेवलं. "मुक्यात काय लावलंय आज?" असं त्या चारचौघांत विचारायच्या, आणि निवृत्ती, माझे यजमान, गालात हसून म्हणायचे, "आई, हळू बोल, शेजारी काय समजतील."

खरं सांगायचं तर त्या मुक्याचं मला फार बरं वाटलं होतं. कुकर आला त्या रविवारी मी वरण-भात लावला आणि खुर्ची ओढून बसले, आणि थोड्या वेळानं लक्षात आलं की मी काहीच मोजत नाहीये. तीस वर्षांत पहिल्यांदा. लग्न होऊन आले त्या दिवसापासून माझा अर्धा कान ओट्यावर असतो. कुणी बोलत असो, टीव्ही चालू असो, मी आत एक, दोन करत असते. राकेशला गोवर आला होता तेव्हा त्याला मांडीवर घेऊन मोजल्या. निवृत्तींशी भांडताना मोजल्या. एकदा तर मी तावातावानं बोलत होते आणि मध्येच तेच म्हणाले, "दोन झाल्या," आणि आम्ही पुढे भांडलो. बसमध्ये कंडक्टरनं शिट्टी मारली तरी माझा हात बटण फिरवायला उचलतो. हे थकणं असं आहे की ते सांगायला गेलं तर लोक हसतील. शिट्ट्या मोजून कुणी दमतं का? पण मी दमले आहे. पाठीनं नाही, पायांनीही नाही, कानांनी दमले आहे.

आणि एकदा अशा मोजल्या की त्या अजून माझ्या अंगातून गेलेल्या नाहीत. बावीस वर्षं झाली. सायखेड्याहून फोन आला, माझा भाऊ सोमा बोलत होता. "ताई, आई गेली." मी हं म्हटलं. आत दुसरी शिट्टी नुकतीच झाली होती. सोमा रडत रडत सांगत होता, पहाटे उठली, नदीवर गेली, येऊन पडवीत बसली ती बसल्या जागी, आणि मी त्याचं सगळं ऐकत होते आणि तिसरीची वाट बघत होते. तिसरी झाली. मी फोन टेबलावर ठेवला, आत जाऊन गॅस बंद केला, परत येऊन फोन उचलला आणि विचारलं, "किती वाजता?" मग रडू आलं. मग डोळे पुसून मी ताटं वाढली, त्या दिवशी घरात पाहुणे धरून सहा माणसं होती, आणि बस धरली. फोन आला तेव्हा सासूबाई तिथंच मेथी निवडत बसल्या होत्या. तेव्हा त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी सगळं पाहिलं. पुढे कितीतरी दिवस त्या येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगायच्या, "आमच्या सुवर्णाचं बघा, आईची खबर आली तर आधी गॅस बंद केला, मग रडली." बाया माझ्याकडे बघायच्या. हे कौतुक होतं की बोट दाखवणं होतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही. मी मात्र स्वतःला पुष्कळदा विचारलं की बाई, तू आतून दगड आहेस का, आणि उत्तर यायच्या आत कुठल्यातरी कुकरची शिट्टी व्हायची.

त्या पहिल्या दिवशी निवृत्ती आठला आले. दिंडोरीच्या पुढे एका वायनरीत ते कामाला आहेत. जानेवारी ते मार्च द्राक्षांचा हंगाम, त्या दिवसांत त्यांच्या कपड्यांना आंबूस-गोड वास येतो आणि त्यांना घरच्या गोष्टी दोनदा सांगाव्या लागतात. मी सांगितलं. त्यांनी मोजे काढून हातात घेतले. मग म्हणाले, "आता हे असंच चालणार म्हणजे. बघ, तुझं तू ठरव." एवढंच. ते वाईट नाहीत, माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. पण तुझं तू ठरव याचा अर्थ काय ते आम्हा दोघांना माहीत आहे. माझ्या नोकरीची चार वर्षं उरली आहेत. मी कॉलेजच्या ऑफिसात बोनाफाईड आणि दाखले लिहून देते. खिडकीजवळ माझं टेबल आहे, माझ्या नावाची पाटी नाही पण त्या टेबलावर दुसरं कुणी बसत नाही, आणि तिथं मला कुणी सून, आई, वहिनी म्हणत नाही. मॅडम म्हणतात. उरलेल्या चार वर्षांचं ते टेबल सोडून मी घरी यायचं आणि शिट्टी वाजवणारा कुकर लावायचा, इतकी साधी गोष्ट होती. आणि मला ते टेबल सोडायचं नव्हतं.

मग मी एकेक करून बघितलं. पीप वाजलं की शिटी समजा, असं घोकून घेतलं. पण तो बारीक पीप त्यांच्या कानाला लागतच नव्हता. मी त्यांच्या शेजारी उभी राहून विचारलं, आला आवाज? तर म्हणाल्या, कशाचा? दुपारी फोन करून बघितला. त्यांच्या गळ्यात बटणांचा मोबाईल अडकवलेला असतो, हिरव्या बटणावर मी टिकली चिकटवलीय, बोटाला लागावी म्हणून. फोन उचलला. "आई, खिचडी झालीय, घ्या जेवून." त्यावर त्या म्हणाल्या, "तू तिथं, कुकर इथं. तुला काय कळतंय शिजलं का नाय ते? शिटी झाली की घेते." संध्याकाळी खिचडी तशीच. राकेशनं एक डबीएवढा स्पीकर पाठवला, त्यात शिट्टीचा आवाज भरून साडेबाराची वेळ लावून दिली. मी मुद्दाम शनिवारी घरी थांबून बघितलं. स्पीकरमधून हुबेहूब तीन शिट्ट्या झाल्या. आईंनी कान टवकारले, मान तिरकी केली आणि म्हणाल्या, "ही टीव्हीतली हाय."

त्या दिवशी माझा तोल गेला. आई, तुमच्या एका शिट्टीपायी माझी नोकरी जायची वेळ आलीय, असं मी ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांच्यावर ओरडले नव्हते. त्यांनी हातानं चाचपत स्टूल शोधलं, बसल्या आणि मग खाली बघत म्हणाल्या, "मी का मुद्दाम करते?" नंतर बऱ्याच वेळानं, मी चहा त्यांच्या हातात दिला तेव्हा, त्या आपल्याशीच बोलाव्यात तशा बोलत राहिल्या. "आमच्या गल्लीत पयला कुकर आपला. तुझ्या सासऱ्यानं आणला, डोक्यावर धरून. त्याच्या आधी माझ्या चुलीवर काय शिजतं, शिजतं का नाय, कुणाला पत्ता होता? बांधावरनं आणलेला पाला उकडायचा अन् दार लोटून खायचं. शिटी झाली तशी अख्खी गल्ली वळून बघायला लागली. म्हणायची, शकूच्या घरात, म्हणजे माझ्या घरात, डाळ शिजली. मी दार उघडं टाकायची मुद्दाम." कपातला चहा गार होत होता. "शिटीबिगर खायचं म्हणजे चोरून खाल्ल्यावानी वाटतं गं," त्या म्हणाल्या. मला त्यांचा राग येईना आणि त्यांची दयाही येईना, मला फक्त झोप येत होती.

आणि मग जानेवारीच्या शेवटी एका संध्याकाळी कुकर रिकामा निघाला. ताट घासून पालथं घातलेलं. मी झाकण हातात धरून उभीच राहिले. "जेवलात?" "जेवले की. शिटी झाली आज." मी पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही रिकामा, तिसऱ्या दिवशीही. त्यांना पीप ऐकू यायला लागला असेल, नाहीतर सवय झाली असेल, मी स्वतःची समजूत घातली, कारण नशीब पालटलेलं असताना त्याला कारण विचारू नये असं मला वाटतं. पंधरा दिवस मी टेबलावर ताठ बसून काम केलं. डबा बरोबर एक वाजता उघडला. निवृत्तींनीही विषय काढला नाही.

फेब्रुवारीत मला ताप भरला. निवृत्ती पहाटेच गेले होते. मी कुकरला वेळ लावली, ऑफिसला कळवलं आणि आतल्या खोलीत चादर ओढून पडले. आई विसरल्या असाव्यात मी घरात आहे ते. ग्लानीत सगळ्या इमारतीच्या शिट्ट्या मला ऐकू येत होत्या, वरच्या मजल्यावरची जाडी, खालची खोकल्यासारखी, आणि मला सायखेड्याचं शेत दिसत होतं. मी दहा-अकरा वर्षांची. पुंजा, माझा बाप, पलीकडच्या टोकाला औत हाकतोय. मी भाकरीचं फडकं डोक्यावर घेऊन बांधावर उभी राहायची, दोन बोटं जिभेखाली घालायची आणि लांबलचक शिट्टी मारायची, तीनदा. एकीनं त्याला कळायचं की कुणीतरी आहे, दुसरीनं की मी आहे, आणि तिसरीनं की जेवण आलंय. त्यानंच शिकवली होती. तिसरी ऐकली की तो बैल सोडायचा. ती शिट्टी मी लग्नात बरोबर घेऊन आले. पहिल्याच आठवड्यात गच्चीवर कपडे वाळत घालताना सहज वाजवली, तर आई जिन्यातून वर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सुवर्णा, या घरात शिटी कुकरची वाजती. सुनेची नाय." मी बोटं पदराला पुसली. त्यानंतर मी कधीच वाजवली नाही, आणि तीस वर्षं त्यांचा कुकर वाजत राहिला नि मी मोजत राहिले.

साडेबाराला मुक्यानं दोनदा पीप केलं. आईंची काही हालचाल नाही. मी चादरीतून ऐकत होते. पाच मिनिटं गेली, सात गेली. मग समोरच्या दारामागून, चैतालीच्या ओट्यावरून, एक शिट्टी झाली. आई बाहेरच्या खोलीतून स्पष्ट म्हणाल्या, "एक." दुसरी. "दोन." तिसरीला थोडा वेळ लागला. तिसरी झाली. "झाली," आई म्हणाल्या. स्टूल सरकलं, भिंतीला हात लावत त्या ओट्याशी गेल्या, मुक्याचं झाकण फिरवलं, ताटात वाढून घेतलं आणि जेवायला लागल्या. म्हणजे माझी नोकरी इतके दिवस समोरच्या पोरीच्या डाळीवर चालली होती. ताप उतरल्यावर मी चैतालीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. दुपारचं ताजं शिजवून खायला तिनं जानेवारीच्या शेवटीच सुरुवात केली होती. "काकू, मग मी आजीसाठी रोज वेळेवर लावत जाईन," म्हणाली. लावलीही. पण तिला आठवा सरत आला होता. फेब्रुवारीच्या शेवटी तिचे वडील गाडी घेऊन आले आणि तिला बाळंतपणासाठी माहेरी घेऊन गेले. समोरच्या दाराला कुलूप लागलं. त्या संध्याकाळी कुकर भरलेला होता, आणि दुसऱ्या दिवशी आईंना घाम फुटून चक्कर आली. ओट्याच्या कडेला कपाळ लागलं, तीन टाके पडले.

निवृत्तींनी दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या फक्त माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "लिहिते अर्ज." त्यांनी मान खाली घातली. तीस वर्षांत दुसऱ्यांचे शेकडो अर्ज मी तपासले आहेत, माझा लिहायला दहा मिनिटंही लागली नाहीत. कौटुंबिक कारणास्तव स्वेच्छेने. स्वेच्छेने हा शब्द मी दोनदा वाचला. दोन दिवस रजा टाकून मी आईंजवळ थांबले, तिसऱ्या दिवशी अर्ज पर्समध्ये घालून कॉलेजात गेले. निघताना सवयीनं मुक्याला वेळ लावली. आईंच्या कपाळावर पट्टी होती. "जाऊन येते," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "ये. आज शिटी होईल बग." मला वाटलं त्या माझी समजूत घालतायत, आणि त्याचाच मला फार त्रास झाला.

प्राचार्य दीडला भेटणार होते. बाराला माझी चुळबुळ सुरू झाली. साडेबाराला मी डबा आणि पर्स घेतली आणि मागच्या जिन्यात गेले, जिथं जुनी बाकं ठेवलेली आहेत आणि कुणी येत नाही. पायरीवर बसले. आता मुका पीप करत असेल. आता त्या ताट घेऊन स्टुलावर बसल्या असतील. फोन लावला, कशासाठी ते मलाही नक्की माहीत नव्हतं. बऱ्याच रिंगनंतर टिकली त्यांच्या बोटाला लागली. "हालो. कोन हाय?" मी बोलायला तोंड उघडलं आणि बोलले नाही. बोलून काय होतं ते मी पाहिलं होतं. डाव्या हातात फोन तोंडासमोर धरला आणि उजव्या हाताची दोन बोटं जिभेखाली घातली. पहिल्यांदा नुसती हवा आली आणि थुंकी. पुढचे दोन दात मी गेल्या वर्षी बसवून घेतलेत, जीभ कुठं टेकवायची तेच सापडेना. हनुवटी पुसली. परत बोटं घातली, बापानं धरून दिली होती तशी, आणि फुंकलं.

ती इतकी मोठी झाली की जिन्यातली कबुतरं उडाली. मी थांबले. दुसरी मारली, लांब, अगदी शेताच्या त्या टोकाला जाईल अशी. वरून चपला वाजल्या आणि आमचा शिपाई वाळू कठड्यावरून वाकून ओरडला, "कोण आहे रे तिकडं, परीक्षा चालूय." मी मान वर करून त्याच्याकडे बघितलं, तोंडात बोटं तशीच. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे, त्यानं मला आजवर फायलींसकटच पाहिलेलं. त्याचं तोंड उघडं राहिलं. त्याच्याकडे बघत बघतच मी तिसरी मारली. हसू फुटल्यामुळे की काय, ती मध्येच तुटली. वाळू मागे सरला आणि त्याच्या चपला लांब गेल्या.

मी फोन कानाला लावला. मला वाटलं, आता येतंय, या घरात शिटी कुकरची वाजती. मग आई म्हणाल्या, "तिसरी आखूड झाली."

"दात नवे आहेत, आई," मी म्हटलं.

"हां." स्टूल सरकल्याचा आवाज आला. झाकण फिरल्याचा. चमचा भांड्याला लागल्याचा. "गॅस बंद केला का?" त्यांनी विचारलं. मला क्षणभर कळेना त्या कुठल्या गॅसबद्दल बोलतायत, कुठल्या दिवसाबद्दल. "केला," मी म्हटलं. "मग तू बी जेवून घे आता. त्या दिवशी सगळ्यांची ताटं वाढलीस अन् आपण उपाशीच सायखेड्याला गेलीस. मी सगळ्यांना सांगायची, आमची सुवर्णा उपाशी गेली. आधी गॅस बंद केला, मग रडली, अन् जेवली नाय. कुणी म्हणून तुला जेव म्हटलं नाय, मी बी नाय." त्या थांबल्या. तोंडात घास असावा. "उद्या तिसरी लांब घाल जरा."

त्यांनी फोन बंद केला नाही, त्यांना तो बंद करता येतच नाही. त्या जेवत राहिल्या आणि मी ऐकत राहिले. कवळी नसलेल्या तोंडानं खिचडी खाण्याचा तो मऊ आवाज, मध्येच पाण्याचा घोट. मला रडू येत होतं आणि भूकही लागली होती, आणि बटण फिरवायला उचलणारा माझा हात या वेळी मांडीवर गप्प पडला होता. म्हणजे मुक्याची शिट्टी शेवटी माझ्याच तोंडी आली. चार वर्षं रोज साडेबाराला. माझ्यापुढे जिन्याची धूळ होती, डबा खाली ठेवायला काही नव्हतं. पर्समधून अर्ज काढला, उलटा केला, पायरीवर पसरला आणि त्यावर डबा उघडला.